घरी बनवायचे छोटे होम थिएटर स्पीकर : कोणती रचना निवडावी?

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. हॉल १३ बाय ११ फूट, स्लॅब १० फुटांवर. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे टीव्हीपासून साधारण १० फूट. जुना ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सब सांभाळणारा ॲम्प्लिफायर) आणि १० इंची सबवूफर (फक्त खालचे, खोल सूर वाजवणारा) घरात आहेत. त्यांच्यासोबत आलेले प्लास्टिकचे पाच डबे भाच्याने पळवले. नवे पाच घरीच बांधायचे आहेत. गल्लीतला सुतार हाताचा चांगला आहे, नकाशा दिला की मिलिमीटर चुकत नाही.
अट अशी की टीव्ही युनिटच्या फळीवर मावले पाहिजेत. खोली फार तर ८ इंच, उंची फूटभर. मागे भिंत आहेच.
डोक्यात तीन रचना आहेत :
१. ३ इंची एकच फुल-रेंज ड्रायव्हर (सगळे सूर एकाच कोनमधून), चिमुकला डबा.
२. ५ इंची वूफर (खालचे-मधले सूर) आणि डोम ट्विटर (बारीक सूर), म्हणजे टू-वे, बंद डबा.
३. तेच, पण पोर्टवाला, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर करायला एक नळी.
सेंटरसाठी (टीव्हीखालचा मधला स्पीकर, संवाद तिथूनच येतात) आडवा, दोन वूफर आणि मधे ट्विटर, असा विचार आहे. नव्वद टक्के वापर सिनेमे आणि मालिका, उरलेला जुनी गाणी. काय करू?

बोगी_सात (भुसावळ)
आमचं घर यार्डाला लागून. मालगाडी गेली की सबवूफर फुकट. मला फक्त ट्विटर सुचवा.

लाकडी_कान (धुळे)
भाऊ, रचना नंतर. आधी एक आकडा ठरवा : सब कुठे थांबणार आणि हे पाच डबे कुठून सुरू होणार?
३ इंची ड्रायव्हर चिमुकल्या डब्यात १५० हर्ट्झच्या खाली दमतो. मग रिसीव्हरचा क्रॉसओव्हर (सब आणि डबे यांच्यातली हद्द) १५०-२०० वर न्यावा लागतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ. म्हणजे नायक पडद्यावर बोलणार आणि छाती सोफ्याशेजारच्या सबमधून येणार. साधारण १००-१२० च्या वर गेलं की आवाज कुठून येतोय ते कान ओळखतो. तुमच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यांत हेच होत असणार.
म्हणून माझं मत रचना २. नमुन्याला गणित : ५ इंची वूफरचा एफएस (मोकळ्या ड्रायव्हरचा अनुनाद) ४८ हर्ट्झ, क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरलेला आहे) ०.४२, व्हीएएस (कोनइतकीच लवचिक असलेली हवा) ९ लिटर असेल आणि त्याला ५ लिटरचा बंद डबा दिला, तर व्हीएएस भागिले डब्याचं आकारमान, अधिक १, त्याचं वर्गमूळ = १.६७. आता याने क्यूटीएस आणि एफएस या दोन्ही आकड्यांना गुणा. डब्यातला क्यू ०.७० आणि अनुनाद ८० हर्ट्झ. ड्रायव्हर घेताना हे तीन आकडे बघून घ्या, वॉट आणि मॅग्नेटचं वजन नंतर.
८० का? सिनेमाच्या ध्वनीचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने तो आकडा उगाच धरलेला नाही. रिसीव्हर स्पीकरला ८० च्या खाली १२ डीबी प्रति ऑक्टेव्हने (वारंवारता निम्मी झाली की १२ डीबी कमी) कापतो. ०.७ क्यूचा बंद डबा तिथूनच स्वतःहून आणखी १२ ने उतरतो. झाले २४. सबला वरून २४ चाच उतार दिलेला असतो. दोन्ही उतार बरोबर एकमेकांत बसतात.

अहिराणी_गडी (साक्री)
भो, आम्हना गावमा लगीनसराईमा डीजेच ऐकू येस. होम थेटर काय कामनं?

केळीबाग (यावल)
लाकडी_कान यांचं गणित बरोबर, पण कागदावरचं. पोर्टवाल्याला इतकं झटकून टाकू नका. तोच ड्रायव्हर ८ लिटरच्या पोर्टेड डब्यात ५५ हर्ट्झला ट्यून केला (पोर्टमधली हवा त्या सुराला घुमेल असा केला) तर सब बंद ठेवूनही गाणी भरीव लागतात. ट्यूनिंगच्या आसपास कोनची हालचाल एकदम कमी होते, काम पोर्टमधली हवा करते, म्हणून विकृतीही घटते. तापीकाठ यांनीच लिहिलंय की जुनी गाणी ऐकतात. रात्री साडेअकराला १० इंची सब लावून ऐकणार का? शेजारी आहेत की नाहीत?
आणि जळगावात राहून पाइपाची चिंता? पीव्हीसी पाइपांचंच गाव ते. तुकडा कुठूनही फुकट मिळेल.

तापीकाठ
@केळीबाग, पाइप घरातही पडलाय, ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा. किती लांब कापू?

लाकडी_कान
कापायच्या आधी हिशेब घ्या. ८ लिटर, ५५ हर्ट्झ, एक पोर्ट, व्यास ५ सेंमी : लांबी येते जवळपास २०.७ सेंमी. तुमच्या डब्याची बाहेरची खोली ८ इंच, म्हणजे २०.३. आतली १६-१७. पाइप मागच्या पाटीतून बाहेर येऊन भिंतीत घुसेल.
४ सेंमीचा घेतला तर पावणेतेरा सेंमीत बसतो, पण मग हवा जोरात पळते आणि स्फोटाच्या सीनला फुसफुस ऐकू येते. छोट्या डब्यात पोर्टचं दुखणं हेच. शिवाय मागे भिंत चिकटून, म्हणजे पोर्ट पुढच्या पाटीवरच हवा. तिथे जागा आहे का, ते मोजा.

केळीबाग
कोपरा (एल्बो) लावून पाइप वळवता येतो की. लोक करतात.

लाकडी_कान
करतात. पण कोपऱ्याने डब्यातली जागा खाल्ली की डबा मोठा करा, डबा मोठा केला की फळीवर मावत नाही. ८ इंचांची अट त्यांची आहे, माझी नाही.

रेडिओ_नाना (चोपडा)
पोरांनो, कॅसेट डेकच्या काळात आम्ही असले डबे शेकड्याने ठोकले. ८ इंची वूफर, पुढे एक भोक, आत थोडा कापूस. कोणी क्यू विचारला नाही.

लाकडी_कान
नाना, दंडवत. पण तेव्हाही गणित होतंच. बंद डब्यातल्या हवेचीच स्प्रिंग करण्याची युक्ती एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ स्पीकरमध्ये बाजारात आणली. पोर्टेड डब्याचं शास्त्र ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात त्यावर सविस्तर लेख लिहिले. आज विनआयएसडी या डब्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपण जे आकडे भरतो ते त्या दोघांच्याच नावाने ओळखले जातात.

रेडिओ_नाना
असतील. आमच्या दुकानात वूफरवर आकडा एकच छापलेला असायचा, वॉट. तोही खोटा.

सुशी (अमळनेर)
सेंटरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.
आडवा दोन वूफरवाला सेंटर दिसायला छान, पण तापीकाठ, तुमच्या घरात चार माणसं सोफ्यावर पसरून बसत असतील तर तो घेऊ नका. वूफर-ट्विटर-वूफर ही मांडणी जोसेफ डॅपोलिटो यांच्या नावाने ओळखली जाते. १९८३ मध्ये त्यांनी मांडली ती उभी. उभ्या मांडणीत आवाज वरखाली कमी पसरतो, डावी-उजवीकडे नीट जातो. ती आडवी पाडली की नेमकं उलटं होतं.
आकडा बघा. दोन वूफरच्या केंद्रांत २८ सेंमी अंतर. कडेला, ३० अंशांवर बसलेल्या माणसाला दोन्हींच्या अंतरात १४ सेंमीचा फरक पडतो. १४ सेंमी ही ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी, तो साधारण १२०० हर्ट्झचा. तिथे दोन्ही वूफर एकमेकांना मारतात. ट्विटर २५०० च्या वर सुरू होणार, त्यामुळे तो खड्डा भरायला कोणी नाही. आणि १२०० च्या आसपास काय असतं? बोलणं. मधल्या जागेवरच्याला सगळं स्पष्ट, कडेची माणसं ‘काय म्हणाला?’ विचारत राहतात.
आमच्याकडे सासूबाईंची खुर्ची कडेला आहे. तयार आडवा सेंटर होता तोवर त्या सबटायटल मागायच्या, मराठी मालिकेला.

केळीबाग
खिक्. सबटायटल मागणाऱ्या सासूबाई :)
मग उपाय?

सुशी
डावा, मधला, उजवा : तिन्ही एकसारखे आणि तिन्ही उभे. गाडी पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाते तेव्हा आवाजाचा रंग बदलत नाही, हा दुसरा फायदा. टीव्ही चार-पाच इंच वर सरकवावा लागेल. तेही जमत नसेल तर ट्विटर वूफरच्या पोटात असलेला कोॲक्सियल ड्रायव्हर घ्या, तो आडवा-उभा कसाही चालतो, पण चांगला कोॲक्सियल महाग.
आणि हो, डबा आडवा ठेवायचाच असेल तर एका वूफरचाच ठेवा. दोन वूफर समांतर जोडले की ८ ओहमचे ४ होतात आणि जुने रिसीव्हर तापतात.

बोगी_सात
तापायचं म्हटलं तर मे महिन्यात भुसावळात रिसीव्हर बंद असला तरी तापतो. ४५ अंशांत ध्वनीचा वेग बदलतो म्हणतात. मग हे सगळं गणित उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं?

लाकडी_कान
बदलतो खरा. २५ अंशांना सेकंदाला साधारण ३४६ मीटर, ४५ ला ३५८. म्हणजे पोर्टचं ५० हर्ट्झचं ट्यूनिंग ५२ च्या जवळ जाईल. तुम्हाला ते ऐकू येण्याआधी कूलरचा पंखा ऐकू येईल.

सातपुडा (शहादा)
लाकडावर बोलू का? आमच्याकडे जुन्या वाड्याचे सागाचे दरवाजे आहेत, शंभर वर्षं मुरलेला साग. त्याचे डबे केले तर लाकडाचा गोडवा आवाजात उतरेल असं एकाने सांगितलं.

रेडिओ_नाना
गोडवा सारंगीत उतरतो रे भाऊ. स्पीकरचा डबा मुका हवा. सागाची सलग फळी आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. कोपऱ्याचे सांधे उघडले की बंद डबा बंद राहत नाही. दरवाजा दरवाजाच राहू दे.

केळीबाग
नानांना +१. १८ मिमी एमडीएफ सर्वांत सोपा, राउटरला कड छान निघते. पण पाण्याचा थेंब लागला की फुगतो, म्हणून आतून-बाहेरून सीलर मारा. हल्ली सुतार स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना एचडीएचएमआर वापरतात, तो ओलीला जास्त दाद देत नाही. जड आहे, घनदाट आहे, स्पीकरला उत्तम. उरलेले तुकडे मागून घ्या, पाच डब्यांना फारसं लागत नाही.

मका_ज्वारी (पारोळा)
आत भरायला कापूस चालेल का? घरचाच आहे. यंदा भाव बघता तो स्पीकरमध्येच भरलेला बरा.

सुशी
भावाबद्दल बोलू नका, जखमेवर मीठ. कापूस चालतो, पण दबून खाली बसतो, ओल धरतो आणि उंदरांना आवडतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर घ्या. तो पिंजून मोकळा भरला की बंद डबा ड्रायव्हरला थोडा मोठा वाटतो, क्यू किंचित उतरतो. ठासून भरायचा नाही.

पुण्यात_खान्देशी
एवढा उद्योग करण्यापेक्षा तयार संच का घेत नाही? वेळेची किंमत धरलीत तर घरचा स्पीकर महागच पडतो.

अहिराणी_गडी
मंग भरीतबी हाटेलमातून मांगाडा. वांगी भाजाले येळ जास ना!

बोगी_सात
मेलो :))

पुण्यात_खान्देशी
भरीत मधे आणू नका, इथे बामणोदची वांगी मिळत नाहीत, आधीच दुःख आहे. बरं, मुद्दा मागे.

धाब्याचं_घर (एरंडोल)
थोडं अवांतर. खोलीबद्दल कोणी बोलत नाही. माझे स्पीकर अगदी साधे. आमच्या जुन्या घरात मातीच्या जाड भिंती, वर सागाच्या सऱ्या आणि मातीचं धाबं. तिथे आवाज कोरडा, स्वच्छ लागायचा. तेच स्पीकर नव्या घरात नेले. टाइल्स, काचेची खिडकी, पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती. टाळी वाजवली तर झणझणत राहते. स्पीकरवर पैसे घालण्याआधी सोफ्यासमोर जाड सतरंजी टाका आणि खिडकीला जाड पडदा लावा.

लाकडी_कान
अवांतर अजिबात नाही. आणि खोलीची मापं बघितली तर १३ फुटांच्या दिशेला ४३ हर्ट्झ, ११ फुटांच्या दिशेला ५१ आणि उंचीला ५६ हर्ट्झ घुमतात. तिन्ही ८० च्या खाली, म्हणजे तो त्रास सबचा. पाच डब्यांनी त्या भानगडीत पडूच नये. पोर्ट ५५ ला ट्यून करणं म्हणजे नेमकं त्या घुमण्यातच तेल ओतणं.

केळीबाग
बरं बाबा, या खोलीपुरतं मान्य. माझ्या १८ बाय २० च्या ओट्यासारख्या हॉलला पोर्टच शोभतात.

रात्रपाळी (जळगाव)
फुल-रेंजची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटून देणारा डब्यातला क्रॉसओव्हर नाही, कॉइल नाही, कपॅसिटर नाही. आवाज एका बिंदूतून येतो. माझ्या टेबलावर ३ इंची जोडी आहे, गायिकेचा आवाज समोर उभा राहतो. १० फुटांवरून मोठा आवाज हवा असेल तर दम लागतो हे खरं.
मधला मार्ग : पुढे तीन ५ इंची टू-वे, मागे दोन ३ इंची फुल-रेंज. रिसीव्हरमध्ये मागच्यांचा क्रॉसओव्हर वेगळा, १५० ला ठेवता येतो का बघा. मागून येतो तो पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर. तिथे कोणी संवाद म्हणत नाही. सोफा भिंतीला टेकलाय, त्यामुळे मागचे दोन भिंतींवर डोक्याच्या वर, कानापासून जरा दूर.

सुशी
हे पटलं. डबेही छोटे, भिंतीवर सोपे. ५.१ ला मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या अगदी पाठीमागे नकोतच, बाजूला जरा मागे, मधल्या रेषेपासून १०० ते १२० अंशांत. सोफा थोडा जरी पुढे ओढता आला तरी फरक पडेल.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार, वही भरत आली. एक अडतंय. टू-वेच्या डब्यातला क्रॉसओव्हर कुठून आणू? बाजारात टू-वेची तयार सर्किटची पाटी मिळते, ‘२०० वॉट’ लिहिलेली. दुकानदार म्हणतो कुठल्याही स्पीकरला चालते.

लाकडी_कान
कुठल्याही स्पीकरला चालते, म्हणजे कुठल्याच स्पीकरसाठी बनवलेली नाही. ती पाटी समजते की वूफर म्हणजे स्थिर ८ ओहमचा रोध. प्रत्यक्षात रोध वारंवारतेनुसार वरखाली होतो, प्रत्येक वूफरचा वेगळा. ट्विटर साधारणपणे वूफरपेक्षा जास्त संवेदनशील, त्याला किती दाबायचं तेही पाटीला माहीत नाही.
स्वतः क्रॉसओव्हर रचायचा तर मायक्रोफोन घ्या, रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर शिका, डब्यात बसवलेला ड्रायव्हर मोजा. पहिल्याच खेपेला हे करू नका. ड्रायव्हर बनवणाऱ्यांनी किंवा जाणत्या हौशी लोकांनी मोजमापासकट प्रसिद्ध केलेली रचना घ्या आणि ती जशीच्या तशी बांधा. ‘हा वूफर मिळाला नाही म्हणून तो लावला’ चालत नाही. पुढच्या पाटीची रुंदी आणि त्यावरच्या ड्रायव्हरच्या जागाही बदलू नका. खोली-उंची थोडी बदलली तर आकारमान तेवढंच राहील असं बघा.
आणि निवडताना एक शोधा, हे फार जण विसरतात. डब्याची पुढची पाटी साडेसतरा सेंमी रुंद असेल तर सुमारे ६५० हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज पुढे न जाता डब्याभोवती पसरू लागतो. डबा मोकळ्यावर स्टँडवर असेल तर ही तूट क्रॉसओव्हरमध्ये भरून काढतात. तुमचे डबे भिंतीला लागून. तिथे भिंतच ते काम करते. स्टँडसाठी भरपाई केलेली रचना फळीवर ठेवलीत तर संवाद घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे येतील. भिंतीजवळ ठेवायला आखलेलीच रचना बघा.

रात्रपाळी
हा शेवटचा परिच्छेद पहिल्याच प्रतिसादात हवा होता.

लाकडी_कान
तेव्हा सगळे पाइप कापायला निघाले होते.

मका_ज्वारी
रिसीव्हर ५० वॉटचा असेल तर पुरेल का? सब सोडून बोलतोय.

सुशी
असा छोटा टू-वे साधारण ८४ डीबीचा धरा, एका मीटरवर, ८ ओहमला १ वॉट दिल्यावर. १० फुटांवर साडेनऊ कमी, ५० वॉटला १७ जास्त. एका स्पीकरचे ९१-९२ डीबी, खोलीचा थोडा हातभार वेगळा. ११ बाय १३ च्या हॉलमध्ये घरचे तुम्हाला त्याच्या आधीच आवाज कमी करायला लावतील.

तापीकाठ
ठरलं तर मग. पुढे तीन एकसारखे उभे, ५ इंची टू-वे, बंद डबे, भिंतीजवळची रचना. मागे दोन ३ इंची. आतली मापं १४ × २४ × १६.५ सेंमी काढली आहेत, म्हणजे साडेपाच लिटर. ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरने अर्धा लिटर खाल्ला तरी ५ उरतात. १८ मिमीच्या पाट्या धरून बाहेरून १७.६ × २७.६ × २०.१. ८ इंचांत बसतंय. आता याच मापाच्या आसपासची प्रसिद्ध रचना शोधतो, मिळाली की पाटीची रुंदी तिचीच घेईन. टीव्ही वर सरकवायला भिंतीत नवी भोकं पाडावी लागतील, त्याची परवानगी अजून घ्यायची आहे.

केळीबाग
परवानगी कुणाची ते विचारत नाही.

रेडिओ_नाना
सुताराला सांग, सगळे सांधे जुळल्यावर फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून आतल्या कडांना बोटाने सारवून घे. वायर जिथून बाहेर येते ते भोकही बुजव. वूफरच्या कडेखाली दरवाज्याला लावतात ती फोमची पट्टी. मग कोन दोन बोटांनी हळूच, मधल्या टोपीला हात न लावता, आत दाबून सोड. सावकाश परत आला तर डबा बंद आहे. झटकन आला तर कुठेतरी हवा गळतेय, पेटत्या उदबत्तीने शोध.

बोगी_सात
आणि प्लस-मायनस? पाचांत एक उलटा लागला तर?

रेडिओ_नाना
घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घे. प्लस लाल टर्मिनलला टेकव, कोन बाहेर यायला हवा. हे वूफरपुरतंच, ट्विटरला सेल लावू नकोस. पाचही डब्यांना एकेकदा टेकवून बघ आणि मगच मागच्या पाटीवर खडूने डावा, मधला, उजवा लिही.